मिश्रीची डबी

आमच्या घरात सर्वांत आधी उठते ती आजी. कोंबडा आरवायच्या सुमारास ती पडवीच्या पायरीवर येऊन बसते, कमरेची चंची सोडते आणि तिच्यातून पत्र्याची एक लहानशी डबी काढते. डाव्या तळहातावर चिमूटभर काळी पूड घ्यायची, उजव्या हाताचे बोट तिच्यात बुडवायचे आणि ते हिरड्यांवरून सावकाश फिरवत बसायचे, हा तिचा नेम. त्या वेळी ती कोणाशी बोलत नाही आणि तिच्याशीही कोणी बोलायचे नसते. पंधरावीस मिनिटांनी ती उठते, चूळ भरते आणि मग आमच्या घराचा दिवस सुरू होतो. चूल, गोठा, पाणी, शेत हे सारे त्यानंतर.

ती काळी पूड म्हणजे मिश्री. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर अगदी काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि फडक्यातून गाळायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की डोळ्यांतून पाणी येते. लहानपणी दुकानातून तंबाखूची पुडी आणायचे काम माझ्याकडे होते. उरलेल्या पैशांची गोळी घ्यायची मला मुभा असे. आजी मिश्री लावी आणि मी गोळी चघळी. दोघींच्याही तोंडाचे पुढे काय होणार आहे, याची दोघींनाही कल्पना नव्हती.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, बारामती–इंदापूर रस्त्यापासून थोडे आत. तुकोबांची पालखी ज्या वाटेने काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम आणि विसावे घेत इंदापूरला जाते, त्याच वाटेने मी रोज उलट्या दिशेने एस.टी.ने बारामतीला कॉलेजला येते. ही सारी वाट तोंडात घालायच्या वस्तूंची आहे, हे मला पूर्वी कधी सुचले नव्हते. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या मुलखात ऊस आला. मग वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर अशी साखर कारखान्यांची नावे आली. निमगाव केतकीला पानमळे आहेत. पान आहे म्हणजे चुना, कात, सुपारी, तंबाखू हेही आलेच. दर टपरीवर दर तासाला साखरेचा गोड चहा उकळत असतो. एवढे सगळे जिथून आत जाते, त्या दाराची निगा ठेवावी असे मात्र आमच्याकडे कोणाला वाटलेले नाही.

मला ते वाटले, त्याला कारण माझी दाढ.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. खालची उजवीकडची दाढ बरेच दिवस गार पाण्याने शिणशिणत होती. तिच्यात एक काळा ठिपका होता. ‘कीड लागली असेल’ असे आई म्हणाली आणि मीही ते मनावर घेतले नाही. एका रात्री मात्र ती अशी ठणकू लागली की उशीवर डोके टेकवेना. बसले की जरा कमी आणि आडवी झाले की दुप्पट. आईने लवंग दिली, मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, फडके तव्यावर गरम करून गाल शेकला. शेजारच्या काकूंनी रिंगणीच्या बियांची धुरी घ्यायला सांगितले. ती घेतली की किडे टपाटपा खाली पडतात, असे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते म्हणे. दुकानातली वेदनेची गोळी दोन तास पुरे आणि मग पुन्हा तेच.

दाढ काढून टाकावी, असे दादांचे मत पडले. उसाचे बिल यायचे होते. दाढ काढायला काही शे रुपये लागतात आणि ती वाचवायला काही हजार, एवढा हिशेब गावात सर्वांना पाठ आहे. आईने मात्र अडवले. खालची दाढ काढली की डोळे अधू होतात, अशी तिची समजूत आणि मला तर अजून पुष्कळ वाचायचे होते. अशा रीतीने एका चुकीच्या समजुतीने माझी दाढ त्या वेळी वाचली.

तिसऱ्या रात्री आजी माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. तिने डबी उघडली.

“चिमूटभर दाब त्या दाढंपाशी. थुकी गिळू नगंस. मला बी असाच गुण आला हुता.”

मी तंबाखूविरुद्धच्या निबंधाला शाळेत बक्षीस मिळवलेली मुलगी. पण रात्रीच्या दोन वाजता, परीक्षा चार दिवसांवर असताना, तो निबंध माझ्या उपयोगी पडला नाही. मी मिश्री लावली. आधी जळजळले, मग डोके गरगरले, पोटात ढवळले आणि थोड्या वेळाने गाल बधिर झाल्यासारखा वाटला. मी झोपले. दुसऱ्या रात्रीही लावली. तिसऱ्या दिवशी दाढ दुखायची थांबली. परीक्षा पार पडली आणि आजीच्या औषधावर माझी श्रद्धा बसली.

यानंतर जे झाले ते लिहायला मला संकोच वाटतो. पण ते वगळले तर या लेखाला अर्थ उरणार नाही. परीक्षा संपल्यावर आठवड्याने एका पहाटे मला जाग आली. दाढ दुखत नव्हती. काहीच दुखत नव्हते. तरीही मी उठून आजीच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले आणि डबीसाठी हात पुढे केला. आजीने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता डबी दिली. नंतर रोजच हात पुढे होऊ लागला. आई गोठ्यात असे, दादा झोपलेले असत. आम्हा दोघींचे ते गुपित महिनाभर चालले.

महिन्यानंतर त्याच दाढेखाली हिरडीवर पुटकुळी आली आणि गाल सुजला. या वेळी मी कोणालाही न विचारता कॉलेज सुटल्यावर बारामतीतल्या एका दंतवैद्यक बाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला, आरशाच्या काडीने तोंडभर पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मिश्री लावतेस का?”

“नाही.”

त्यांनी आणखी काही विचारले नाही. हात धुतले आणि फळ्यावर शिकवावे तसे एका कागदावर दाढेचे चित्र काढले. ही पहिली पक्की दाढ. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. दुसरी येत नसते. दातात अळ्याही नसतात. कीड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. आपण गोड खाल्ले की तेही खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण कवच विरघळू लागते. लाळ ही झीज भरून काढायचा प्रयत्न करते, पण तिला वेळ लागतो. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे महत्त्वाचे. जेवणाबरोबर एकदा खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर घोट घोट घेतलेला गोड चहा आणि चघळलेली गोळी दाताला जास्त मारक. मला लहानपणीच्या त्या उरलेल्या पैशांची आठवण झाली.

“कीड वरच्या कवचात होती तेव्हा आली असतीस तर एका बैठकीत सिमेंट भरून काम झाले असते. ती आतल्या नसेपर्यंत पोचली. मग दुखले. पुढे दुखायचे थांबले, खरे ना? तेव्हा तू काय औषध केलेस?”

मी गप्प राहिले.

“काहीही केले असतेस तरी थांबलेच असते. नस मेली म्हणून थांबले. मेलेली नस दुखत नाही, सडते. तिचा पू आता हाडात उतरला आहे.”

त्या वाक्याने माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उजेड पडला. लवंग, धुरी, मंत्र, मिश्री या साऱ्यांना गुण कसा येतो, ते मला कळले. दाढ एका टप्प्यावर दुखायची आपोआप थांबते आणि त्या दिवशी जे हाताशी असेल त्याला यश मिळते. मरते नस आणि नाव होते औषधाचे. मी मान खाली घालून म्हटले, “लावते. महिना झाला.”

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “इकडच्या बायकांची मिश्री बहुतेक दाढेपासूनच सुरू झालेली असते.” मग त्यांनी मिश्रीची करणी समजावली. तंबाखूतले निकोटिन हिरडीवाटे रक्तात जाते आणि सवय लावते. मिश्री जिथे रोज घासली जाते तिथली हिरडी दातावरून मागे सरकत जाते. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे हिरडी आजारी असूनही रक्त यावे तितके येत नाही. म्हणजे ‘मिश्रीने हिरड्या घट्ट होतात’ असे जे आपण म्हणतो, ते सावध करणाऱ्याचे तोंड बांधल्यासारखे आहे. घरात आग लागलेली असते आणि ओरडणारा गप्प असतो.

“मिश्री तुला कोणी दिली?” त्यांनी विचारले. मी सांगितले. “पुढच्या खेपेला आजींना घेऊन ये,” त्या म्हणाल्या.

माझ्या दाढेची कथा फार लांबवत नाही. उसाचे बिल आले आणि दादांनी कुरकुर न करता पैसे दिले. रूट कॅनाल या शब्दाची मला मोठी धास्ती होती, पण भुलीचे इंजेक्शन दिल्यावर दुखले असे काही नाहीच. दाढेला वरून छिद्र पाडून आतली मेलेली नस काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या केसाएवढ्या कानशींनी घासून धुतात आणि कोरड्या झाल्या की गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून बंद करतात. नस गेलेली आणि आतून कोरलेली दाढ चावताना फुटू शकते, म्हणून वर टोपी बसवतात. तीन फेऱ्यांत दाढ पुन्हा चणे खाण्याजोगी झाली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण आहे. माझ्याकडे आता दोन्ही आहेत, पण फक्त सिमेंटवर भागले असते त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मोजून.

आजीला बारामतीला नेणे मात्र दाढ वाचवण्याहून अवघड होते. “मला काय धाड भरलीया?” हा तिचा एकच सवाल. शेवटी ‘मला एकटीला भीती वाटते’ असे खोटे सांगून मी तिला तिसऱ्या फेरीला सोबत नेले. एस.टी.त खिडकीशी बसल्यावर मी तिला विचारले, “आजी, तुला मिश्री लागली कशी गं?” आणि लासुर्ण्यापासून बारामतीपर्यंत तिने जे सांगितले, ते मी जन्मात विसरणार नाही.

1972 चा दुष्काळ. आजी तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. विहिरी आटल्या होत्या आणि घरातली सगळी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. सरकारकडून सुकडी मिळे. तिथे तिची दाढ दुखू लागली. गाल सुजला, पण रोज बुडवून चालणार नव्हते आणि दाताचा डॉक्टर कुठे असतो हेही ठाऊक नव्हते. शेजारी खडी फोडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने तिच्या तळहातावर चिमूटभर मिश्री ठेवली.

“दाढ चार दिसांत ऱ्हायली बघ. आन् भूक बी मरायची. सांजच्यापतूर पोटात काय न्हाई, पर मिश्री लावली की भागायचं. मंग दुस्काळ सरला. पर ही काय सरली न्हाई.”

थोडा वेळ ती बाहेर उसाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आन् येक सांगू? सासरी बाईमाणसाला बसाया कोण देतंय? पर मिश्री लावताना कुणी उठ म्हनत न्हाई.”

पहाटेच्या त्या पंधरावीस मिनिटांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा होता. मिश्री सोड म्हणजे तो वेळ सोड, असे मी तिला सांगणार होते.

पुढे ग्रंथालयात वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली आणि अंगावर काटा आला. याच 1972 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडे तपासून केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. ही सारी खेडी आपल्या पुणे जिल्ह्यातली. तंबाखूच्या सवयी, तोंडातले पांढरे चट्टे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यात मांडलेला होता. ज्या वर्षी आजीच्या तळहातावर पहिली चिमूट पडली, त्याच वर्षी तिच्याच जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडांवरून जगाला हे कळले. ज्यांची तोंडे पाहिली त्यांच्या घरोघरी मात्र ते पोचायचे राहून गेले. 1992 साली सरकारने तंबाखू घातलेल्या मंजनांवर आणि पेस्टवर बंदी आणली, ती योग्यच होती. पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

दवाखान्यात आजीने पदराचा बोळा मुठीत धरून तोंड उघडले. बाई बराच वेळ पाहत होत्या. दात होते, पण मुळे उघडी पडलेली. त्यांवर कीटणाचे थर होते आणि दोन दात हलत होते. हे सारे त्यांनी मोठ्याने सांगितले. मग त्यांनी खालचा ओठ खाली ओढून धरला आणि त्या बोलायच्या थांबल्या. हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खोबणीत, जिथे आजीचे बोट पन्नासहून अधिक वर्षे फिरत होते, तिथे बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. घासून न जाणारा, खरखरीत.

“आजी, हे दुखते का?”

“न्हाई बा. आजिबात न्हाई.”

ते ‘आजिबात न्हाई’ ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण न दुखण्याची किंमत मी नुकतीच शिकले होते.

चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पुण्याला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी घरात कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही. पुडी आणणारी मी, डबीसाठी हात पुढे करून तिला साथ देणारीही मीच. अहवालात कर्करोग नव्हता. पण बाई स्पष्टपणे म्हणाल्या, “आज नाही. उद्याचे आजींच्या बोटावर आहे. मिश्री सुटली तर असे चट्टे पुष्कळदा विरतात. न विरला, लाल झाला, जखम होऊन दोनतीन आठवड्यांत भरली नाही, तर क्षणभर थांबू नका. आणि विरला तरी दर काही महिन्यांनी दाखवायचे.”

त्याच खेपेला आजीचे दात साफ केले. घरी आल्यावर ती दोन दिवस माझ्यावर रुसली. “दात हिलाया लागलं, फटी पडल्या,” म्हणाली. मी बाईंकडून हेही विचारून आले होते. फटी आधीच्याच असतात, फक्त कीटणाने बुजलेल्या असतात. भिंत कच्ची असली की चिखलाचा लेप तिला धरून ठेवतो असे वाटते, पण भिंत कच्ची होते ती त्या ओलीमुळेच. कीटण ब्रशने निघत नाही आणि त्याच्या आडोशाने जंतू हिरडी आणि हाड पोखरतात. आजीला भिंतीची गोष्ट पटली. साऱ्या आयुष्यात तिने कितीतरी भिंती लिंपल्या आहेत.

आता आमच्या घरात रात्री जेवणानंतर सगळ्यांनी दात घासायचे असा नियम आहे. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळपेक्षाही रात्रीचे घासणे मोलाचे. मऊ ब्रश, दोन मिनिटे, हिरडीच्या कडेपासून हळू हात. राखुंडी, विटकरीची पूड, मीठ यांनी खसाखसा घासले की चकाकतात खरे, पण कवच झिजते. पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइडचे प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम असावे. घासल्यावर थुंकायचे, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकते. दादांना मधुमेह आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही, हे कळल्यापासून तेही कुरकुर न करता ब्रश हातात घेतात.

आजीचे काय, असे तुम्ही विचाराल. तिने मिश्री एका दिवसात सोडली, असे लिहिले तर लेख छान संपेल, पण ते खरे होणार नाही. आधी चार वेळांची दोन वेळा झाली, मग फक्त पहाटेची उरली. ती शेवटची वेळ सुटता सुटेना. मग मीच आईशी बोलले. आईने काही न बोलता एक केले. पहाटे आजी पायरीवर बसली की तिला कोणी हाक मारायची नाही, असे तिने घरात सर्वांना बजावले, हातात मिश्री असो वा नसो. तीन महिन्यांनी चट्टा निम्म्याहून कमी झाला होता. मध्येच एकदा, शेजारी मयत झाली तेव्हा, तिने पुन्हा डबी उघडली. आम्ही कोणी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिने ती आपणहून बंद केली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी पहाटे अशी एक डबी उघडत असेल. ती हिसकावून घेऊ नका. आधी शेजारी बसा, ती कोणत्या दाढेच्या दुखण्यात हातात आली ते विचारा आणि मग एकदा उजेडात तिचा ओठ खाली ओढून पाहा.

आज पहाटेही आजी पायरीवर होती. मी ब्रश घेऊन तिच्याजवळ बसले. डबी अजून तिच्या चंचीत आहे, पण आता तिच्यात ती लवंगा ठेवते.

“आता हातानं काय करू गं?” ती म्हणाली.

मी माझा हात पुढे केला. तिने एक लवंग त्यावर ठेवली.